पसाभर गव्हाचा प्रश्न

गेल्या जानेवारीत आमच्या राळेगाव तालुक्यातल्या एका शाळेत स्नेहसंमेलनाची तयारी चालली होती. आठवी-नववीच्या पोरींनी रावेरीच्या सीतेवर पंधरा मिनिटांची नाटिका लिहिली होती. माझी भाची त्यात लव होती, म्हणून संवाद नजरेखालून घालायला मला बोलावलं. वाचताना मीच चपापले. सीता रामाला तोंडावर विचारते, 'एकदा आगीतून गेले तेवढ्यानं भागलं नाही का?' मनात म्हटलं, हे वाक्य काही संमेलनापर्यंत टिकत नाही.

तालमीच्या तिसऱ्या दिवशी गावातली दोन वजनदार माणसं हेडमास्तरांच्या खोलीत येऊन बसली. चहा झाला, कापसाचा भाव झाला, मग विषय निघाला. आक्षेप होता, पण तो रामावरच्या वाक्यावर नव्हता. "सीतामाय रामाले बोलते, बोलू द्या. बायको नवऱ्याले बोलतेच," त्यांतले एकजण हसत म्हणाले. "पन गावानं गहू देल्ले नाही, हे काहून दाखवता? पाहुने येतीन, सरपंच येईन. बरं नाही दिसत. गावानं देल्ले असं दाखवा ना."

हेडमास्तर गप्प. मी गप्प. बाहेर पोरी एकमेकींच्या वेण्या ओढत होत्या.

ज्यांना रावेरी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावला लागून हे गाव आहे. इथं सीतेचं देऊळ आहे आणि त्यात राम नाही. बिदागी मागायला आलेल्या बुवापासून दिल्लीच्या पत्रकारापर्यंत सगळे याच गोष्टीचं नवल करतात. गावची कथा अशी की, रामानं सोडल्यावर सीता इथं राहिली, लव-कुश इथंच झाले. लेकरांसाठी तिनं गावात पसाभर गहू मागितले. गावानं दिले नाहीत. तिनं शाप दिला, या शिवारात गहू पिकणार नाही. आणि म्हणे पिकलाच नाही, पार 'हायब्रीड' येईपर्यंत. (आमच्याकडं गव्हाचं कुठलंही सुधारित बी म्हणजे हायब्रीडच. कृषी सहायक शंभरदा समजावून थकला.) वाल्मीकींचा आश्रम कानपूरजवळच्या बिठूरला होता असंही सांगतात, आणखी चार ठिकाणीही सांगतात. खरा कुठला, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. माझं लक्ष कथेतल्या आरोपीकडं आहे.

कारण वाल्मीकींच्या उत्तरकांडात सीतेला सोडलं जातं ते लोकापवादामुळं, आणि सोडणारा राजा असतो. त्यावर हजारो वर्षं वाद चालू आहे: रामाचं बरोबर की चूक, राजधर्म मोठा की पतिधर्म. आता बायकांच्या बाजूनं कथा सांगायच्या म्हटलं की लोक तोच खटला पुन्हा उभा करतात, फक्त वकील बदलतात. रावेरीच्या कथेत राजाचा निकाल होऊन गेलेला आहे. कथा सुरू होते ती त्यानंतर. बाई एकटी आहे, पदरात दोन लेकरं आहेत, आणि समोर राजा नसून शेजार आहे. शेजाऱ्यांनी तिला न्याय द्यायचा नव्हता, फक्त धान्य द्यायचं होतं. तेवढंही झालं नाही.

म्हणून त्या दोघा काकाजींचं मला एका अर्थानं कौतुक वाटलं. कथेची नस त्यांना बरोबर सापडली होती. रामाला कितीही बोला, राम अयोध्येचा. गहू मात्र आपल्या घरातले.

'बायकांच्या बाजूनं पुराणं' हे बाहेरून आलेलं खूळ आहे, शिकलेल्या बायकांनी शहरातून आणलं, असा एक सूर नेहमी निघतो. इतर कुठं काय झालं ते मला ठाऊक नाही, पण विदर्भात बसून असं म्हणणं म्हणजे कमालच आहे. गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ पद्मपूर आहे. संस्कृत नाटककार भवभूतीचं गाव ते हेच, असं महामहोपाध्याय मिराशींसारख्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. आठव्या शतकातल्या या माणसानं सीतात्यागाचीच कथा घेऊन 'उत्तररामचरित' लिहिलं आणि मूळ शेवट सरळ बदलून टाकला. त्याच्या नाटकात सीता धरणीत जात नाही, दोघांची भेट होते. पण त्याहून मोठी गोष्ट तिसऱ्या अंकात आहे. राम दंडकारण्यात परत येतो. सीता तिथंच आहे, पण त्याला दिसत नाही. दिसते ती वासंती, वनदेवता, सीतेची मैत्रीण. ती आधी चौकशी करते, मग एकदम रामाला धरते. तू माझा प्राण, तू माझं दुसरं काळीज, माझ्या डोळ्यांचं चांदणं, असं म्हणून म्हणून त्या भोळीला भुलवलंस आणि तिलाच… इथं तिचं वाक्य तुटतं. पुढचं तिला बोलवत नाही, ती बेशुद्ध पडते. आणि हे सगळं सीता जवळ उभी राहून ऐकते.

मला हा प्रसंग कुठल्याही आधुनिक पुनर्कथनापेक्षा धीट वाटतो. भवभूतीनं सीतेच्या तोंडी भाषण घातलं नाही. तिच्या वतीनं दुसरी बाई बोलली, आणि जिच्यावर अन्याय झाला तिला ते कानांनी ऐकायला मिळालं. आपल्याकडं टाकलेल्या बाईला हेच तर मिळत नाही. तिच्यासाठी कुणी बोललंच तर ते तिच्या माघारी, आणि बोलणं बहुतेक वेगळंच असतं.

तिथून पाचेकशे वर्षं पुढं या. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. तेराव्या शतकात इथं महदाइसेनं 'धवळे' म्हणजे लग्नाची गाणी रचली, महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळात म्हणायला. विषय रुक्मिणीचं लग्न. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो, परीक्षेत एका गुणाला विचारतो आणि पुढं जातो. पण ती बालविधवा होती, हे लक्षात घेऊन ते धवळे वाचावेत. आजही आमच्याकडं विधवा बाई लग्नात हळदीच्या वेळी मागच्या खोलीत असते, भाज्या चिरत नाहीतर पाहुण्यांची लेकरं सांभाळत. आणि आपल्या भाषेतलं बाईचं पहिलं ठाऊक असलेलं काव्य म्हणजे एका विधवेनं रचलेली लग्नाची गाणी! तीही आपल्याच मुलखातल्या पोरीच्या लग्नाची, जिनं भावानं ठरवलेला नवरा नाकारून ब्राह्मणाहाती निरोप धाडला आणि स्वतःचं स्वतः ठरवलं. रुक्मिणीचं कौंडण्यपूर तिथून फार लांब नाही, वर्धा नदीच्या काठावर. तिथून दरवर्षी तिच्या माहेरची पालखी पंढरपूरला निघते. आणि पंढरपुरात रखुमाई विठोबाच्या शेजारी उभी नाही, तिचं देऊळ वेगळं. रुसून आली म्हणून वेगळी, असं सांगतात. एवढा काळ लोटला, समजूत निघालेली नाही. यात वारकऱ्यांना कधी धर्म बुडाल्यासारखं वाटलं नाही.

तेव्हा परंपरेला हात लावू नका म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, कुठल्या परंपरेला? सप्ताहात बुवा व्यासपीठावरून सुनेच्या मोबाइलवर, तिच्या ड्रेसवर विनोद करतात, मधेच सीतेचा दाखला देतात, तेव्हा वाल्मीकींच्या संहितेत हे कुठं आहे असं कुणी विचारत नाही. भर घालायला हरकत नसतेच. हरकत असते ती कोण घालतं याला.

पण दुसऱ्या बाजूचंही मला सगळं पटतं असं नाही. गेली काही वर्षं शाळा-कॉलेजांत 'मी अमुक बोलतेय' थाटाचे एकपात्री फार झालेत. केस मोकळे सोडलेली मुलगी मंचाच्या मधोमध येते, आवाज चढवते, अडीच मिनिटांनी रडते, शेवटी मूठ वर करते. परीक्षक नऊ गुण देतात. यातली सीता, द्रौपदी, अहिल्या, ऊर्मिला सगळ्या एकाच सुरात, एकाच पुस्तकी मराठीत रागावतात. राग खरा असेल, पण तो सोपा आहे. ऐकणाऱ्यांतल्या एकालाही घरी जाऊन काही करावं लागत नाही. टाळ्या वाजवणारा पुरुष म्हणतो, मी काही रावण नाही नि रामही नाही, आपण सुटलो. आणि राजाच्या सुनेचं दुःख सांगताना तिचं बाळंतपण कुणी केलं, ती काय खात होती, तिला लुगडं कुणी दिलं, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

जात्यावरच्या बायकांना ते सुचलं होतं. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून गोळा झालेल्या ओव्यांची संख्या लाखावर गेली आहे, आणि त्यांत सीतेचा वनवास पुन्हा पुन्हा येतो. एक ओवी पुष्कळांनी ऐकलेली असेल: अरण्यात सीता रडते तेव्हा तिची समजूत काढायला बोरी आणि बाभळी येतात, बायका होऊन. माणसं नाहीत, देव नाहीत, काटेरी झाडं. आमच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, दुसरं असतं तरी काय? ज्या बाईला हे सुचलं तिनं एकटीनं धुऱ्यावर बसून रडलेलं असणार. याच ओव्यांत सीतेला वनवासाला धाडण्याचा दोष वारंवार सासूवर, कैकेयीवर येतो. ती सीतेला रावणाचं चित्र काढायला लावते, सीतेनं पाहिलेला असतो तो फक्त त्याच्या पायाचा अंगठा, तेवढाच ती काढते, आणि उरलेला रावण कैकेयी पुरा करते. मग घरात बोभाटा. ज्यांनी सासुरवास भोगला त्यांना राजकारण असं दिसलं: अयोध्येत नव्हे, माजघरात.

इथं मला एक अवघड गोष्ट सांगायची आहे. बायकांनी सांगितलं म्हणजे ते बायकांच्या हिताचंच असतं असं नाही. भुलाबाईच्या दिवसांत, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत, आम्ही पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणायचो. त्यात रुसून माहेरी बसलेल्या सुनेचं गाणं असायचं. सासरा येतो, सासू येते, दीर-नणंद येतात, एकेक दागिना देऊ करतात, ती कुणाला बधत नाही. शेवटी नवरा चाबूक घेऊन येतो आणि ती मुकाट निघते. खिरापतीच्या नादात आम्ही ते हसत, टाळ्या वाजवत म्हणायचो. हे गाणं कुठल्या बुवानं रचलेलं नाही. बायकांनीच रचलं, बायकांनीच पोरींना शिकवलं. बायकांच्या बाजूनं कथा सांगायची तर ही बाजूही सांगावी लागते, ती झाकून चालत नाही.

आणि रावेरीच्या कथेत तर हा काटा अगदी मधोमध आहे. सीतेनं गहू मागितले कुणाला? पारावर बसलेल्या पुरुषांना कुणी पीठ-मीठ मागत नाही. बाई दारात जाते ती बाईच्याच. म्हणजे 'नाही' म्हणणारं तोंड बाईचं होतं.

मी असेन नऊ-दहा वर्षांची. आमच्या घरामागं एक बाई माहेरी येऊन राहिलेली होती. टाकलेली. सरकारी कागदावर हल्ली 'परित्यक्ता' लिहितात, पण गावात आजही टाकलेलीच म्हणतात, फुटकी बादली टाकावी तसं. भाऊ-भावजयीनं तिला पडवी तोडून दिली होती. एका संध्याकाळी ती आमच्या दारी आली, पदराखाली जर्मनचं गंज (पातेलं) घेऊन. शेरभर जवारी उसनी पाहिजे होती. आई चुलीपाशी होती. तिथूनच मला हळू आवाजात म्हणाली, "जवारी सरली म्हन." मी दारात जाऊन सांगितलं. माझ्या मागं भिंतीला टेकून जवारीची भरलेली चुंगडी उभी होती. तिनं ती पाहिली. तिनं पाहिलं हे मी पाहिलं. "बरं बाई," म्हणाली आणि गंज पुन्हा पदराखाली घेऊन गेली.

माझी आई दुष्ट नव्हती. पोळ्याला गडीमाणसांना पोटभर वाढल्याशिवाय जेवायची नाही. पुढं मोठी झाल्यावर मी तिला एकदा हे विचारलं. आधी म्हणाली, दिवेलागणीला धान्य देऊ नये. मग थोड्या वेळानं म्हणाली, "थे जवारी माही होती का?" आमची आजी कोठीतलं धान्य हातानं सारखं करून त्यावर बोटानं रेघ मारून ठेवायची. कुणी काढलं तर रेघ मोडायची. आणि टाकलेल्या बाईला हात दिला की तिचा पाय आपल्या घराला लागतो, लोक नवऱ्याबद्दल बोलतात, हेही होतंच. घरातला दाणा न् दाणा आईच्या हातून जायचा, पण त्यातली मूठभर कुणाला देण्याचं बळ तिच्या हातात नव्हतं. पेरायचं तिनं, निंदायचं तिनं, वेचायचं तिनं, आणि नऊ वर्षांच्या पोरीला खोटं बोलायला लावायचंही तिनंच.

रावेरीच्या बाईनं गहू का दिले नसतील, याचं उत्तर मला आमच्या चुंगडीपाशी सापडतं. आमच्या कोरडवाहू मुलखात गहू म्हणजे सणाचं धान्य, रोजची भाकर जवारीची. ते सणाचे दाणे परस्पर द्यायचे म्हणजे घरात जाब देणं आलं.

ही कथा जमिनीच्या प्रश्नाला जोडण्याचं काम शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी केलं, आणि ते मला त्यांच्या आर्थिक मांडणीहूनही मोलाचं वाटतं. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलेला हा माणूस रावेरीच्या पडक्या देवळापाशी थांबला, त्याचा जीर्णोद्धार मनावर घेतला. 'लक्ष्मीमुक्ती'च्या मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांना त्यानं सांगितलं, बायकोचं ऋण फेडायचं तर जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करा. शेतकऱ्यांनी केलाही. संघटनेच्या भाषेत तेव्हा 'सीताशेती' हा शब्द होता. सीता म्हणजे मुळात नांगराचा तास. तासात सापडलेली, शेवटी भुईत गेलेली, आणि मधल्या सगळ्या आयुष्यात तिच्या नावावर एक गुंठा नव्हता.

ती मोहीम ओसरली. २०१५-१६च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांत बायका सुमारे १४ टक्के होत्या. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, देशानं २००५ मध्ये दिला. आमच्याकडं तो हक्क दिवाळीच्या साडीवर सुटतो, तलाठ्यासमोर पोरी 'राजीखुशी' हक्कसोड लिहून देतात. आणि ज्या घरात शेतकऱ्यानं फास लावून घेतला तिथं काय होतं? मागं राहिलेल्या बाईला १ लाख रुपयांच्या मदतीसाठी सातबारा, कर्जाचे कागद घेऊन फिरावं लागतं. महिन्या-दोन महिन्यांनी यादी लागते: पात्र, अपात्र. अग्निपरीक्षेचं मराठी भाषांतर कुणी मागितलं तर मी हे दोन शब्द देईन. 'अपात्र' बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्याशी कुणी भांडत नाही, कुणी वाईट बोलत नाही. फक्त किराणा दुकानदार वही बंद करतो, आणि शेजारीण दिवेलागणीची वेळ सांगते.

म्हणून मला वाटतं, या कथा नव्यानं सांगायलाच हव्यात, पोरींनीच सांगायला हव्यात, आणि देवळाच्या ओट्यावर, शाळेच्या पटांगणात, गावासमोर सांगायला हव्यात. शहरातल्या नाट्यगृहात राम-सीतेचा वाद खुशाल रंगवावा. खेड्यात मात्र गव्हाचा प्रसंग गाळून चालणार नाही. श्रद्धेचं म्हणाल तर रावेरीची माणसं सीतेला नवस बोलतात, ओटी भरतात, आणि आपल्याच पूर्वजांनी तिला उपाशी परत पाठवलं हेही सांगतात. एका गावानं स्वतःवरचा आरोप देवळासारखा जपून ठेवला आहे. अशी श्रद्धा मला तरी दुसरीकडं आढळली नाही.

हे सगळं मी त्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत बोलले का? नाही. मी म्हणाले, "बघू, काही तरी जुळवून घेऊ." नोकरदार माणसाची अडचण मला कळत होती, असं मी स्वतःला सांगितलं. पोरींना बोलावून सांगितलं की शेवट थोडा बदलू. भाचीनं विचारलं, "मंग शाप काहून देते थे?" मी म्हटलं, शापही काढून टाकू. ती माझ्याकडं पाहत राहिली, बोलली काही नाही.

संमेलनाच्या रात्री पटांगण गच्च भरलेलं होतं. पुढं खुर्च्यांवर पाहुणे, डाव्या अंगाला ताडपत्रीवर बायका. सीतेनं रामाला प्रश्न विचारला, दोन-चार टाळ्या पडल्या. मग ती लव-कुशांना घेऊन दारोदार फिरली. गावकरीण झालेली पोर सूप घेऊन बाहेर आली. सुपात खरे गहू होते, तिच्या घरचे. तिनं ते सीतेच्या पदरात ओतायला सूप तिरपं केलं.

तेवढ्यात ताडपत्रीवरून एक म्हातारा आवाज आला, माइकशिवाय सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असा. "नाही देल्ले माय. कोनीच नाही देल्ले."

पोरीनं सूप तसंच धरलं. थोडे दाणे पदरात पडले होते, थोडे मंचावर सांडले होते. ती आमच्याकडं, विंगेत, बघत होती.